कायद्याची घराणी

काही वर्षांपूर्वी एका लेखाचं भाषांतर करताना मी ‘सिव्हिल लॉ’ मानणाऱ्या देशांचे ‘दिवाणी कायद्याचे देश’ करून टाकले. लेख छापून आला आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. फ्रान्स, जर्मनी आणि ब्राझील हे दिवाणी कायद्याचे देश आहेत, असं वाक्य ठणठणीतपणे पानावर उभं होतं. म्हणजे तिथे चोऱ्यामाऱ्या होत नाहीत, खून पडत नाहीत, लोक फक्त हद्दीवरून आणि वारसाहक्कावरून भांडतात, आणि फौजदारी कोर्टांत दिवसभर माश्या मारत बसतात.

चूक कळली ती वर्षभराने, भलतंच काही वाचताना. तो ‘सिव्हिल’ दिवाणी-फौजदारीतला नव्हताच. तो रोमन लोकांचा. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने रोमन कायद्याचं संकलन करून घेतलं. पुढे पाचेक शतकांनी बोलोन्यातले पंडित त्या पोथीवर टीपा लिहू लागले, आणि तिथून युरोपभर पसरलेल्या परंपरेला हे नाव पडलं. संहिता लिहायची, ती पूर्ण आहे असं मानायचं आणि न्यायाधीशाने तिच्यातून उत्तर काढायचं, असा तिचा खाक्या. इंग्लंडातून निघालेली दुसरी परंपरा कॉमन लॉची. तिथे कायदा निकालांवर निकाल रचत वाढला. आपल्या बाजूचं ‘सायटेशन’, म्हणजे जुन्या निकालाचा दाखला, सापडलं की वकिलाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्या परंपरेचं.

लाज वाटली म्हणून म्हणा किंवा हट्टाने म्हणा, मी त्या रात्री जगाचा एक कोरा नकाशा घेतला आणि रंगवायला बसले. संहितेचे देश निळे, निकालांचे हिरवे, धर्माधारित कायद्यांचे पिवळे. तासाभरात उरकेल असं वाटलं होतं.

हा छंद माझ्याआधी भल्याभल्यांना जडलेला आहे. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच उन्हाळ्यात तिथे तुलनात्मक कायद्याची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. एदुआर लांबेर आणि रेमाँ सालेय हे दोन फ्रेंच प्राध्यापक तिच्यात पुढे होते. काळ मोठा आशेचा होता. सुसंस्कृत राष्ट्रांचे कायदे शेजारी शेजारी मांडले की त्यातून सगळ्यांना चालेल असा एक सामाईक कायदा वर येईल, अशी लांबेरची धारणा. सुसंस्कृत कोण, हे ठरवणारेही अर्थात तेच. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जॉन विग्मोरने थेट १६ व्यवस्था मोजल्या. त्यात प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमिया होते, चर्चचा कायदा होता आणि समुद्राचासुद्धा स्वतंत्र कायदा होता. समुद्राला देशांच्या रांगेत बसवणारा माणूस मला एकदम आवडून गेला.

मग १९६४ मध्ये फ्रेंच कायदेपंडित रने दाविदने जी विभागणी केली, ती पुढची कित्येक वर्षं विद्यार्थ्यांनी पाठ केली. एक रोमन-जर्मन कुळ, एक कॉमन लॉचं, एक समाजवादी, आणि मग उरलेले. मुस्लिम कायदा, हिंदू कायदा, अतिपूर्व, आफ्रिका. घर आवरताना शेवटी कशातच न बसणारं सामान एका पेटीत कोंबतात आणि वर ‘इतर’ अशी चिठ्ठी लावतात, तसा हा शेवटचा खण. आवरणारा कुठे उभा आहे, हे त्या पेटीवरून नेमकं कळतं.

माझ्या नकाशाला खरा आधार मिळाला तो दोन जर्मनांचा, कोनराड त्स्वायगर्ट आणि हाइन क्योट्झ यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नियम मोजत बसू नका, शैली पाहा. ती व्यवस्था कुठल्या इतिहासातून आली, तिथला वकील विचार कसा करतो, कायदा शोधायला तो प्रथम कुठे जातो, तिची म्हणून खास अशी कुठली रचना आहे, मागे विचारसरणी कुठली आहे. हे वाचलं आणि मला गाण्यातली घराणी आठवली. राग तोच असतो. आरोह-अवरोह, वादी-संवादी, सगळं तेच. तरी जाणकार दोन आवर्तनांत घराणं सांगतो, कारण तो सुरांपेक्षा सूर लावायची रीत ऐकत असतो. कुळ म्हटलं की रक्त आलं. घराणं म्हटलं की तालीम येते. कायद्याला दुसरा शब्द जास्त शोभतो.

रीत म्हणजे काय, ते मला एका कागदाने शिकवलं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाचं, कूर द कासास्याँचं, एक जुनं निकालपत्र कामासाठी हाती आलं होतं. जेमतेम दोन पानं. मी सवयीने पेन्सिल घेतली. पहिलं वाक्य कुठे संपतं तिथे खूण करायची, मग भाषांतराला लागायचं, ही माझी पद्धत. पहिला परिच्छेद ‘ज्याअर्थी’ने सुरू झाला आणि अर्धविरामावर थांबला. दुसराही ‘ज्याअर्थी’. तिसराही. पान उलटलं. पूर्णविराम सापडला तो अगदी शेवटी, ‘या कारणांस्तव’ निकाल सांगून झाल्यावर. सबंध निकालपत्र हे एकच वाक्य होतं. त्यात कुठल्या न्यायाधीशाला काय वाटलं याचा मागमूस नव्हता. भिन्नमत नव्हतं, आधीच्या निकालाचा दाखला नव्हता, उपमा नव्हती, हळहळ नव्हती. संहितेचं कलम, घडलेली गोष्ट, निष्कर्ष. जणू माणूस बोलतच नाहीये, कायदा स्वतः बोलतोय.

हे आखडूपण कुठून आलं? क्रांतीआधी फ्रान्समध्ये ‘पार्लमाँ’ नावाची न्यायालयं होती. तिथली न्यायाधीशपदं विकत घेता येत, वारशाने मिळत, आणि हे न्यायाधीश राजाच्या सुधारणाही अडवून धरत. क्रांतिकारकांनी ठरवलं की पुन्हा ही भानगड नको. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेत दोन कलमं पाठोपाठ येतात. कायदा गप्प आहे किंवा अस्पष्ट आहे या सबबीवर न्यायाधीशाने निकाल द्यायचं टाळलं तर तो दोषी, असं चौथं कलम सांगतं. आणि पाचवं बजावतं की निकाल देताना सर्वांना लागू होईल असा नियम घालून द्यायला त्याला मनाई आहे. कायद्यात नसेल तरी उत्तर दे, पण ते उत्तर म्हणजे कायदा समजू नकोस! एवढ्या चिंचोळ्या वाटेने जायचं तर माणूस एका वाक्यातच बोलणार.

आता इंग्रजी घराणं ऐका. २६ ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव. मिसेस डोनाह्यू मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेल्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर आतून गोगलगाईचे कुजके अवशेष निघाले. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात. इथे गोगलगाय बाटलीच्या पोटात. बाई आजारी पडल्या. पण दावा कुणावर लावायचा? पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणून कॅफेवाल्याशी बाईंचा करार नाही. बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर नाहीच नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिली न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं की माल बनवणाऱ्याने अंतिम ग्राहकाची काळजी घेतली पाहिजे. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी बायबलमधली शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा घेतली आणि कायद्याच्या भाषेत प्रश्न विचारला, की मग माझा शेजारी कोण? माझ्या वागण्याने ज्याला इजा होईल हे मला आधी दिसायला हवं, तो. निकालपत्र पानंच्या पानं चालतं. जुने खटले उलगडले जातात, विरोधातले दोघे न्यायाधीश कडाडून विरोध करतात, आणि तेही सगळं नावानिशी छापलं जातं. गंमत म्हणजे ती गोगलगाय खरोखर होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं.

आणि ज्या तत्त्वासाठी एका गोगलगाईला जीव द्यावा लागला, ते फ्रेंच संहितेत १८०४ पासून एका ओळीत पडून होतं. ज्याच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान होईल, त्याने ते भरून द्यावं. कलम १३८२. (२०१६ च्या फेररचनेत त्याचा आकडा १२४० झाला. फ्रेंच वकिलांच्या एका अख्ख्या पिढीला हा बदल घरचा पत्ता बदलल्यासारखा लागला असणार.) अर्थात ओळ आधीपासून आहे म्हणून काम संपलं, असंही नाही. चूक म्हणजे काय आणि नुकसान कुठपर्यंत मोजायचं, हे ठरवायला फ्रेंच न्यायालयांनी दोन शतकं हजारो निकाल दिले आणि वकिलांनी ते पाठ केले. निकाल हा कायदा नव्हे, असं म्हणतच.

म्हणजे राग एकच असावा, अशी शंका इथे येते. त्स्वायगर्ट आणि क्योट्झ यांनाही ती होती. त्यांचा आग्रह असा, की तुलना करताना नियमाचं नाव घेऊन विचारू नका, अडचण सांगून विचारा. मग दिसेल की विकसित व्यवस्था वेगवेगळ्या वाटांनी बहुतेक वेळा जवळपास त्याच मुक्कामाला पोचतात. मला हे बरेच दिवस पटलेलं होतं. मग एक अडचण अशी भेटली, की तिथे वाटाही वेगळ्या आणि मुक्कामही.

शेजारी परगावी गेलाय. वादळात त्याच्या छपराचे पत्रे उडतात. तुम्ही कुणी न सांगता, स्वतःच्या पैशाने माणसं लावून छप्पर नीट करून घेता. शेजारी परत येतो, आभार मानतो आणि खर्चाचं नाव काढत नाही. कोर्टात गेलात तर?

मराठीत या उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, आणि त्या शब्दांतच निकाल आहे. कुणी सांगितलं होतं? इंग्रजी कायदा बराचसा असाच बोलतो. १८८६ मध्ये न्यायमूर्ती बोवेन यांनी सांगून ठेवलंय, की माणसाच्या पाठीमागे त्याच्या गळ्यात देणं अडकवता येत नाही. न मागता मदत करणाऱ्याला त्या घराण्यात लुडबुड्या समजतात. रोमन कायद्याने मात्र त्याच माणसासाठी खास जागा राखलेली आहे. गैरहजर माणसाचं काम त्याच्या हिताचं म्हणून कुणी अंगावर घेतलं, तर त्याने ते नीट तडीस न्यावं आणि मालकाने त्याचा वाजवी खर्च द्यावा. फ्रेंच संहितेत हे आहे, जर्मन संहितेत ६७७ व्या कलमापासून आहे. भाकऱ्या भाजल्यास ना, मग पिठाचे पैसे घे, असं ते घराणं म्हणतं. इंग्रजांनीही एका ठिकाणी हात सैल सोडला. बुडतं जहाज वाचवणाऱ्याला तिथेही बक्षिशी मिळते. विग्मोरने समुद्र वेगळा का काढला, ते इथे मला कळलं.

हाच प्रश्न जरा पुढे ढकला. तळ्यात एक अनोळखी मूल बुडतंय. काठावर एक माणूस उभा आहे, पाणी त्याच्या कमरेइतकंच आहे, आणि तो नुसता बघत राहतो. इंग्रजी कायद्यात, त्या मुलाशी त्याचं काही नातं किंवा जबाबदारी नसेल, तर त्याने गुन्हा केलेला नाही. फ्रान्समध्ये तो तुरुंगात जाऊ शकतो. स्वतःला धोका नसताना संकटातल्याला मदत न करणं हा तिथे गुन्हा आहे. १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यात राजकुमारी डायनाची गाडी आपटली, तेव्हा छायाचित्रकारांची जी चौकशी झाली, तिच्यात हाही आरोप होता. जर्मनीतही असं कलम आहे. इंग्रजी वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, वाईट माणूस आहे खरा, पण वाईट असण्याची शिक्षा आम्ही देत नाही. इथे दोघे जवळपास सारख्याच ठिकाणी पोचतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका घराण्यात माणूस मुळात एकटा धरलाय. दुसऱ्यात तो आधीपासून कुणाचातरी शेजारी आहे.

पण शेजाऱ्याचा प्रश्न तर अ‍ॅटकिनसाहेबांनी विचारला होता, आणि इंग्रजी न्यायालयात! तिथेच माझा नकाशा पहिल्यांदा ओला झाला. तो खटला स्कॉटलंडचा. स्कॉटलंडचा कायदा शुद्ध इंग्रजी घराण्याचा कधीच नव्हता. त्याच्यावर रोमन कायद्याचे दाट संस्कार, कारण तिथले वकील अनेक पिढ्या हॉलंडला शिकायला जात. कॉमन लॉचा सगळ्यांत लाडका खटला आला तो मिश्र घरातून. मी तिथे निळा आणि हिरवा एकमेकांवर फिरवले, कागद जरा फाटलाच.

मग जिथे बोट ठेवावं तिथे हीच कथा. कॅनडातलं क्यूबेक आणि अमेरिकेतलं लुइझियाना या कॉमन लॉच्या समुद्रातल्या संहितेच्या वस्त्या. दक्षिण आफ्रिका तर विलक्षणच. डचांनी आपला रोमन-डच कायदा केपला नेला. पुढे खुद्द हॉलंडमध्ये नेपोलियनच्या काळात संहिता आली आणि जुना कायदा निकालात निघाला. माहेरी मेलेला तो कायदा दक्षिण आफ्रिकेत आणि श्रीलंकेत अजून नांदतोय, तोही इंग्रजी धाटणीच्या निकालपत्रांतून. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडची नागरी संहिता जवळजवळ उचलून आणली. जपानने आधी ब्वासोनाद या फ्रेंच पंडिताकडून मसुदा करून घेतला, त्यावर वादंग झालं, तो बाजूला पडला, आणि १८९८ मध्ये जी संहिता लागू झाली तिच्यावर जर्मन मसुद्यांची दाट छाप होती. इंग्रजांची तऱ्हा आणखी न्यारी. भारतासाठी त्यांनी १८६० मध्ये दंडसंहिता लिहिली, १८७२ मध्ये कराराचा आणि पुराव्याचा कायदा लिहिला; स्वतःच्या घरी फौजदारी संहिता आजतागायत केलेली नाही. आणि गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मागे उरली. तेवढा ठिपका निळा करायला माझ्या पेन्सिलीला टोक पुरलं नाही.

कझाकस्तानवर मात्र मी मनापासून हसले. सोव्हिएत काळात समाजवादी, नंतर संहितेचा देश. २०१८ मध्ये राजधानी अस्तानात वित्तीय केंद्रासाठी एक वेगळं न्यायालय उघडलं. कामकाज इंग्रजीत, तत्त्वं इंग्रजी कॉमन लॉची, पहिले सरन्यायाधीश इंग्लंडचे निवृत्त लॉर्ड चीफ जस्टिस वुल्फ. गवताळ मैदानात विलायती गुलाबाची कुंडी. पैसेवाल्यांना ज्या घराण्याचं गाणं कळतं, त्याची बैठक कुठेही भरवता येते.

सगळीकडे हसण्यासारखं नाही. कॅमेरूनमध्ये एक भाग फ्रेंचांकडे होता, एक इंग्रजांकडे. स्वातंत्र्यानंतर देश एक झाला, कायद्याच्या दोन रीती तशाच राहिल्या. २०१६ मध्ये इंग्रजीभाषक भागातले वकील रस्त्यावर उतरले. फ्रेंच पद्धतीत तयार झालेले, कॉमन लॉ न जाणणारे न्यायाधीश आमच्या कोर्टांत नेमू नका, ही त्यांची मागणी होती. पुढे तो संघर्ष पार सशस्त्र झाला. त्याची कारणं कितीतरी होती, पण पहिली ठिणगी पडली त्यात वकिलांचे काळे झगे होते. दोन रंगांमधली रेघ नकाशावर काढणं आणि तिच्यावर राहणं, यांत अंतर आहे.

दाविदचा समाजवादी खण तर १९९१ नंतर जवळजवळ रिकामाच झाला. अभ्यासकांनी त्यातले देश घाईघाईने रोमन-जर्मन खणात हलवले. चीनचं काय करायचं, यावर अजून एकमत नाही. २०२१ पासून तिथे १२६० कलमांची नागरी संहिता लागू आहे, रचनेने बरीचशी जर्मन वळणाची. पण राज्य पक्षाचं आहे, आणि संहिता वाचून ते कळत नाही. इटलीच्या उगो मात्तेईने १९९७ मध्ये म्हणूनच निराळा प्रश्न विचारला. एखाद्या समाजात शेवटचा शब्द कुणाचा चालतो: पेशेवर कायदेपंडितांचा, राजकारणाचा, की परंपरेचा? त्याच्या हिशेबात फ्रान्स आणि इंग्लंड एकाच खणात जातात. शंभर वर्षं ज्या दोघांच्या भांडणावर हे शास्त्र पोसलं, ते एका माळेचे मणी निघाले. मला हे वर्गीकरण सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. फक्त ते रंगवता येत नाही, कारण एकाच देशात तिन्ही रंग एकाच दिवशी दिसतात.

वर्गीकरणाचा राग मला एकदाच आला, आणि तो अर्थतज्ज्ञांमुळे. १९९८ मध्ये चौघांनी ४९ देशांचे कायदे तपासून निष्कर्ष काढला, की गुंतवणूकदाराचं रक्षण कॉमन लॉचे देश सगळ्यांत चांगलं करतात आणि फ्रेंच वळणाचे सगळ्यांत कमी. घराण्यांना गुण मिळाले. जागतिक बँकेने हीच दृष्टी घेऊन देशांची वार्षिक क्रमवारी सुरू केली, सरकारं क्रमांक वाढवायला कायदे बदलू लागली, फ्रेंच कायदेपंडित खवळून उठले. २०२१ मध्ये आकड्यांतल्या गडबडी उघड झाल्यावर बँकेने तो अहवाल बंदच केला. बहुतेक देशांनी घराणं निवडलेलं नव्हतं. कुणाचं जहाज आधी किनाऱ्याला लागलं यावर ते ठरलं होतं, आणि गुण मात्र वारसांच्या नावावर.

इथे आल्यावर मी स्वतःच्या ‘दिवाणी’ या शब्दाकडे पुन्हा पाहिलं. दिवाणी आणि फौजदारी फारसीतून आलेले. कायदा, वकील आणि जामीन मुळात अरबी. न्याय आणि संहिता संस्कृत. अपील आणि समन्स इंग्रजी. ‘वकिलाने न्यायासाठी अपील केलं’ एवढ्या चार शब्दांत तीन घराणी गाऊन जातात, आणि कुणाला खटकत नाही. भाषेने ज्याचा निकाल कधीच लावला, त्यासाठी मी रंगीत पेन्सिली झिजवत होते.

नकाशा फेकला नाही. फ्रान्सवर अजून निळा आहे, त्यातल्या त्यात स्वच्छ. पण मध्यंतरी त्याच न्यायालयाचं एक नवं निकालपत्र कामाला आलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्यांनी ते एकवाक्यी लिखाण सोडलंय. आता ‘ज्याअर्थी’ नाही. परिच्छेदांना आकडे आहेत, कारणं सांगितलेली आहेत, महत्त्वाच्या प्रकरणांत जुन्या निकालांची नावंसुद्धा येतात. सवयीने पेन्सिल घेऊन पूर्णविराम शोधायला बसले. पहिल्याच परिच्छेदात दोन सापडले. दोन्हींभोवती गोल केला, आणि पान उलटण्याआधी जरा थांबले.